पारी, संप्रेरक आणि जोखीम

भंडारा जिल्ह्यात ‘ळ’ फारसा टिकत नाही. वऱ्हाडात त्याचा ‘य’ होतो आणि डोळ्याचा ‘डोया’ बनतो. वैनगंगेच्या काठी, झाडीबोलीत, त्याच डोळ्याचा ‘डोरा’ होतो, काळ्याचा ‘कारा’ होतो आणि त्याच न्यायाने पाळीची ‘पारी’. पंचेचाळिशी ओलांडलेली साकोली-लाखांदूरकडची बाई ‘पारी गेली’ म्हणते आणि दोन शब्दांत मोकळी होते. डॉक्टर त्यालाच ‘मेनोपॉज’ म्हणतात, पाठ्यपुस्तके ‘रजोनिवृत्ती’ म्हणतात. घटना एकच, पण तिन्ही शब्दांच्या पोटात तीन निरनिराळ्या कल्पना आहेत. या वयात दिल्या जाणाऱ्या हार्मोनच्या औषधांबद्दल एकीकडे भाबडी आशा आणि दुसरीकडे धसका दिसतो. त्यातला बराचसा गोंधळ शब्दांनीच घातलेला असावा, असा माझा संशय आहे.

सुरुवात पारीपासूनच करू. संस्कृतात ‘पालि’ म्हणजे काठ, कड, ओळ. ओळीत उभे राहिले की ज्याचा त्याचा क्रम येतो, म्हणून ओळीवरून क्रम आणि क्रमावरून ‘पाळी’ असा अर्थाचा प्रवास दिसतो. कालव्याच्या पाण्याची पाळी, वखराची पाळी, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतली पहिली-दुसरी पाळी ही सगळी याच ओळीतली मंडळी. ‘पाली’ या भाषेचे नावही ग्रंथातली ‘ओळ’ या अर्थावरूनच आले असावे. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर बौद्ध स्तूप ज्या जिल्ह्यात सापडला, तिथे पाली आणि पाळी सख्ख्या बहिणी निघाव्यात, हे बरेच झाले. हिंदीत ‘पालि’चीच पुढे ‘पारी’ झाली आणि क्रिकेटचे समालोचक तिला डावासाठी वापरतात. पलीकडे बालाघाट लागते, त्यामुळे भंडाऱ्याच्या कानाला दोन्ही पाऱ्या ओळखीच्या. मासिक पाळीत मूळ अर्थाने रक्त नाही, विटाळ नाही, लाजही नाही. फक्त ‘क्रमाने येणारी’ एवढेच आहे. इतका निर्मळ शब्द घडवणाऱ्यांना मानले पाहिजे, कारण शेजारचा ‘विटाळ’ अगदी उलट्या वृत्तीचा. हेमचंद्राने बाराव्या शतकात ‘विट्टाल’ हे त्याचे रूप अस्पृश्याच्या संसर्गासाठी नोंदवले आहे, आणि तो मळ त्या शब्दाने आजवर सोडलेला नाही.

‘मासिक’मधला मास म्हणजे आधी चंद्र आणि मग महिना. ‘मा’ म्हणजे मोजणे. काळ मोजणारा तो मास. फारसीत त्याचाच ‘माह’ झाला. त्या माहातून आपला ‘महिना’ आला, ‘दरमहा’ आला, सरकारी कागदावरचे ‘माहे जानेवारी’ आले, हिंदीतली ‘माहवारी’ही आली. म्हणजे मराठीने घरच्या मासाला बाजूला सारून इराणकडच्या चुलतभावाला रोजच्या व्यवहारात बसवले आणि मासाकडे मासिके आणि मासिक श्राद्धे तेवढी ठेवली. ग्रीकमध्ये हाच शब्द ‘मेन’. त्याला ‘थांबणे’ या अर्थाचा ‘पाउसिस’ जोडून गार्दान नावाच्या फ्रेंच वैद्याने १८२१ च्या सुमारास ‘मेनोपॉज’ रूढ केला. त्याआधी १८१६ मध्ये त्याने ‘मेनेस्पॉझी’ असे अवघड रूप करून पाहिले होते. तेव्हा शब्दाचा सरळ अर्थ ‘महिना थांबणे’, आणि तो ‘पारी गेली’च्या अगदी जवळचा. इंग्रजीत आणखी एक शब्द आहे, ‘क्लायमॅक्टेरिक’. ग्रीक ‘क्लिमॅक्स’ म्हणजे शिडी. आयुष्यात दर सात वर्षांनी एक अवघड पायरी येते, अशी जुनी युरोपीय समजूत. सात साते एकोणपन्नास ही त्यातली एक. आपल्या सुश्रुताने आर्तवाचा काळ १२ ते ५० वर्षांचा दिला आहे. दोघांचे गणित एका वर्षाने चुकते, पण हल्लीच्या भारतीय स्त्रियांची पाळी सरासरीने दोघांच्याही आधी, ४६-४७च्या आसपास, जाताना दिसते.

‘रजोनिवृत्ती’ हा मात्र भारदस्त जोडशब्द, आणि त्यातला ‘रज’ मोठा फसवा. परंपरा तो ‘रञ्ज्’ म्हणजे रंगणे या धातूपासून घेते. रंग, रजक, अनुराग ही त्याच कुळातली. वेदांत मात्र ‘रजस्’ म्हणजे आकाश आणि पृथ्वी यांच्या मधला धूसर प्रदेश. ग्रीक ‘एरेबस’, म्हणजे पाताळाकडचा अंधार, त्याच्याशी भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचे नाते लावतात. धूसरपणातून धूळ, धुळीतून फुलातला पराग, परागातून ‘पुष्प’ आणि ‘पुष्पवती’ असा पुढचा प्रवास असावा. अमरकोशात रज, पुष्प आणि आर्तव हे तिघे शेजारी बसलेले आहेत. ‘आर्तव’ हे ऋतूचे अपत्य आणि ‘ऋतु’ म्हणजे नेमलेला काळ, ‘ऋत’चा भाऊबंद. एकाच गोष्टीला एक नाव धुळीचे, एक फुलाचे आणि एक नियमाचे. (आपली ‘रजा’ यांच्यात कुठेच नाही. ती अरबी ‘रिझा’, म्हणजे संमती. रजोनिवृत्तीला ‘कायमची रजा’ म्हणणारे विनोद करतात तो नकळत दोन भाषांचा संकर असतो.)

निवृत्तीशी तर मराठी माणसाचे जुने घरोब्याचे नाते. ज्ञानदेवांचे थोरले भाऊ निवृत्तिनाथ, गीतारहस्यातला प्रवृत्ती-निवृत्तीचा वाद आणि साठाव्या वर्षीचे निवृत्तिवेतन, या सगळ्यांच्या मुळाशी ‘नि’ आणि ‘वृत्’, म्हणजे मागे वळणे. पण या शब्दाला आता कचेरीचा वास लागला आहे. निवृत्त झालेला मनुष्य खुर्ची सोडतो. ‘रजोनिवृत्ती’ ऐकले की बाईनेही कसली तरी खुर्ची सोडली असे वाटू लागते. अमराने याच अवस्थेतल्या स्त्रीसाठी दोन शब्द दिले आहेत: ‘निष्कला’ आणि ‘विगतार्तवा’. दुसरा सरळ आहे, जिचे आर्तव गेले ती. पहिला कोड्यात टाकणारा. कला म्हणजे चंद्राचा सोळावा अंश. मग निष्कला म्हणजे कला सरलेल्या चंद्रासारखी? की वैद्यकात ‘कला’ म्हणजे शरीरातला पडदा, त्याच्याशी काही संबंध? तिसरी वाट वेदान्ताची. तिथे ‘निष्कल’ हे ब्रह्माचे विशेषण, ज्याचे तुकडे पडत नाहीत ते. अमराच्या मनात ब्रह्म नसावे, हे कबूल. पण आजच्या बाईला निवड करायला सांगितली, तर ‘निवृत्त’पेक्षा ‘अखंड’ हा अर्थ ती आनंदाने घेईल.

लोकभाषेत या शेवटाला स्वतःचे नाव नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे. सुरुवातीसाठी शब्दांची रेलचेल: न्हाण येणे, पदर येणे, शहाणी होणे, ऋतुशांती. न्हाण म्हणजे ‘स्नान’चेच प्राकृत वळण, आणि त्याला मखर होते, गाणी होती. शेवटाला काय, तर एक क्रियापद: ‘गेली’. ज्याचा सोहळा नाही त्याला नाम मिळत नाही, असा काही भाषेचा नियम असावा. आणि नाव नसलेल्या गोष्टीची तक्रार कोणाजवळ करणार? रोवणीच्या दिवसांत पऱ्हे घेऊन गुडघाभर चिखलात वाकलेल्या बाईच्या छातीपासून कपाळापर्यंत एकाएकी आगीची लाट चढते. कडक उन्हाचा नवतपा तर केव्हाच सरलेला असतो. रात्री घामाने चोळी भिजते, झोप मोडते. वैद्यकात याला ‘हॉट फ्लश’ म्हणतात. वर्तमानपत्रे ‘उष्णतेचे झटके’ म्हणतात. बाया ‘अंगातून वाफा निघतात’ म्हणतात, आणि तेच सर्वांत नेमके.

आता औषधाकडे वळू. ‘हार्मोन’ हा शब्द १९०५चा. स्टार्लिंग या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने तो लंडनच्या व्याख्यानांत वापरला. सुचवला केंब्रिजच्या एका ग्रीकच्या अभ्यासकाने, म्हणजे एका शब्दवेड्यानेच. ग्रीक ‘होर्माओ’ म्हणजे चालना देणे. त्यातल्या ‘होर्मे’चे संस्कृत ‘सृ’शी, म्हणजे आपल्या सरणे, सरिता आणि संसार यांच्याशी, नाते असावे, असे व्युत्पत्तिकार सांगतात. मराठीतला ‘संप्रेरक’ हा या हार्मोनचाच आज्ञाधारक अनुवाद: सम्, प्र आणि ‘ईर्’ म्हणजे हलवणे. शब्द चांगला घडला आहे, पण दवाखान्यात कोणी तो तोंडातून काढत नाही. ‘इस्ट्रोजेन’ याहून रंगतदार. ग्रीक ‘ओइस्त्रोस’ म्हणजे गोमाशी. ती चावली की गाय सैरावैरा पळते, म्हणून माज, उन्माद. ग्रीक कथेतली कालवड झालेली आयो हिच्यामागे अशीच माशी लागते. म्हणजे रजाला आपण फुलाचे नाव दिले आणि युरोपने त्यामागच्या हार्मोनला माशीचे. ‘प्रोजेस्टेरॉन’ १९३५चा, त्यात ‘गर्भधारणेला अनुकूल’ असा अर्थ उघडच गुंफलेला आहे.

सर्वांत गमतीचे नाव मात्र बाजारातले: ‘प्रेमॅरिन’. १९४२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली ही गोळी. मराठी वाचक त्यात हटकून प्रेम शोधणार. ते तिथे नाही. गाभण घोडीच्या मूत्रातून हे इस्ट्रोजेन काढतात आणि ‘प्रेग्नंट मेअर्स युरिन’ या तीन शब्दांचे तुकडे सांधून हे नाव केलेले आहे. गोमूत्राचे गुण सांगणाऱ्या देशाने त्याला हसू नये.

यापुढे शब्दांनी खरा घोळ घातला. या उपचाराला नाव पडले ‘हार्मोन रिप्लेसमेंट थेरपी’. रिप्लेसमेंट म्हणजे बदली, आणि ‘बदल’ अरबी. मराठीत ‘बदली कामगार’ म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी पूर्ण पाळी भरणारा. म्हणजे अंडाशयाने कामावर दांडी मारली आहे आणि तिथे दुसरा माणूस उभा करायचा आहे, असे चित्र. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या डॉक्टरचे ‘फेमिनिन फॉरएव्हर’ निघाले. त्यात रजोनिवृत्ती हा उणिवेचा रोगच ठरवला होता आणि इस्ट्रोजेन त्यावरची संजीवनी. १९७५ मध्ये लक्षात आले, की गर्भाशय असलेल्या बाईने नुसते इस्ट्रोजेन घेतले तर गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. तेव्हापासून अशा बाईला जोडीला प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे औषध देतात.

मग जुलै २००२. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या चाचणीतला, इस्ट्रोजेन आणि जोडीचे औषध एकत्र तपासणारा १६,६०८ स्त्रियांचा गट सरासरी ५.२ वर्षांनी थांबवला गेला. स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढला, अशी बातमी जगभर गेली आणि गोळ्या केरात गेल्या. या २६ टक्क्यांचा पदर उलगडून पाहू. गोळी न घेणाऱ्या १०,००० स्त्रियांत वर्षाला ३० जणींना हा कर्करोग झाला, घेणाऱ्यांत ३८ जणींना. म्हणजे दहा हजारांत आठ जास्त. पक्षाघात आठ जास्त, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचे प्रकार आठ जास्त, हृदयविकाराचे सात जास्त. दुसऱ्या बाजूला खुब्याचे हाड मोडणे पाचाने कमी आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग सहाने कमी. शिवाय या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. पाळी जाऊन दहा-बारा वर्षे उलटलेल्यांचे हे आकडे, वाफांनी हैराण झालेल्या अठ्ठेचाळिशीच्या बाईला जसेच्या तसे लावले गेले. गर्भाशय काढलेल्या १०,७३९ जणींचा, नुसते इस्ट्रोजेन तपासणारा दुसरा गट २००४ मध्ये थांबला. तिथे पक्षाघात वाढलेला दिसला, स्तनाचा कर्करोग मात्र वाढला नव्हता. त्यानंतर तज्ज्ञांनी ‘रिप्लेसमेंट’ हा शब्दच हळूहळू वगळला. आता ‘मेनोपॉजल हार्मोन थेरपी’ म्हणतात. बदली कामगार गेला, नुसता उपचार उरला. औषधाच्या वेष्टनावर काळ्या चौकटीत छापला जाणारा इशाराही बराचसा काढण्याचे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. गर्भाशय असताना नुसते इस्ट्रोजेन घेण्याबद्दलचा इशारा तेवढा कायम आहे.

इथे मराठीचाही एक शब्द आडवा येतो: ‘धोका’. हिंदीत धोखा म्हणजे फसवणूक, मराठीत धोका म्हणजे संकट. भंडाऱ्यात दोन्ही भाषा कानांवर असतात, त्यामुळे ‘या औषधात धोका आहे’ हे वाक्य अर्धे भीतीचे आणि अर्धे कपटाचे ऐकू येते. शिवाय धोक्याला प्रमाण नसते. तो असतो किंवा नसतो. इंग्रजी ‘रिस्क’साठी मला ‘जोखीम’ जास्त पसंत आहे, आणि तिचे कूळ कळल्यावर तर फारच. जोखीम ही संस्कृत ‘योगक्षेम’ची लेक दिसते. योग म्हणजे नसलेले मिळवणे, क्षेम म्हणजे असलेले राखणे. आयुर्विमा महामंडळाच्या बोधचिन्हावर हाच शब्द आहे आणि मुंबईतल्या त्यांच्या मुख्य इमारतीचे नावही हेच. पालीत ‘योगक्खेम’ थेट निर्वाणापर्यंत पोचला.

मग सुरक्षिततेचा शब्द संकटापर्यंत घसरला कसा? वाट व्यापाऱ्यांच्या पेठेतून गेली असावी. राखायचा तो मौल्यवान माल, म्हणजे जोखमीचा माल. असा माल अंगावर असणे हेच संकट. माल सुखरूप पोचला तरच पैसे द्यायचे, अशी ‘जोखमी हुंडी’ व्यापारात चालत असे. ती निम्मी हुंडी आणि निम्मा विमा. आणि ‘विमा’ तरी कुठून आला? फारसी ‘बीम’, म्हणजे भय, त्यापासून. संस्कृत ‘भी’ आणि ‘भीम’ त्याचे नातलग. महामंडळाच्या एकाच पाटीवर भयाचा शब्द आणि अभयाचा शब्द असे शेजारी नांदतात.

जोखीम आणि ‘जोखणे’, म्हणजे तोलणे, ही एकाच मुळाची नसावीत. पण कानाने त्यांचे लग्न लावून दिले आहे आणि ते चांगले टिकले आहे. जोखीम जोखायची असते. या उपचारात मिळवायचे काय? वाफा आणि रात्रीचा घाम यांवर इतका गुणकारी दुसरा उपाय नाही. झोप सुधारते, योनीचा कोरडेपणा जातो, हाडांची झीज मंदावते. राखायचे काय? स्तन, रक्तवाहिन्या, गर्भाशयाचे अस्तर. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केले आणि प्रकृती निरोगी असली, तर बहुतेकींच्या बाबतीत पारडे फायद्याकडे झुकते. त्यानंतर नव्याने सुरू केले तर ते उलटीकडे कलू लागते. त्वचेवर लावायच्या पट्टीत किंवा जेलमध्ये गुठळीची जोखीम गोळीपेक्षा कमी दिसते. तक्रार फक्त कोरडेपणाची असेल, तर तिथेच लावायचे मलम पुरते. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, हृदयविकार किंवा गुठळी होऊन गेलेली असेल, यकृत बिघडलेले असेल किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर मात्र ही वाट सहसा बंद. बाकीच्यांना त्रास शमेल एवढीच मात्रा. ‘मात्रा’ही त्याच ‘मा’ धातूची. चंद्राचा मास आणि औषधाची मात्रा या दोन्ही मोजण्याच्याच गोष्टी.

तागडी दरवेळी सारखी नसते. बीडच्या ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘कोयता’ म्हणतात. मोजणी हत्याराची होते, माणसांची नाही. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या चौकशी समितीपुढे आलेल्या पाहणीत तिथल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. ‘पिशवी काढली’ या शब्दप्रयोगात अंडाशये राहिली की गेली हे कळत नाही, आणि उपचाराच्या दृष्टीने सगळे त्यावरच अवलंबून. चाळिशीच्या आत दोन्ही अंडाशये गेली, तर हाडे आणि हृदय यांच्या रक्षणासाठी पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन देणे, विशेष अडचण नसल्यास, हिताचे मानतात. अशा बाईच्या बाबतीत ‘बदली’ हा जुना शब्दही खोटा नाही.

राहिला ‘इलाज’. अरबी शब्द, आणि त्याला फारसी ‘ना’ लावून मराठीने ‘नाइलाज’ केला. गंमत अशी, की आपल्याकडे इलाजापेक्षा नाइलाजच जास्त बोलला जातो. भंडाऱ्यासारख्याच झाडीपट्टीतल्या गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची पाहणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ती छापून आली. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या आठ टक्केही नव्हत्या. इलाज नव्हता असे नाही; तो मागण्याची भाषा नव्हती.

म्हणून माझे मत असे: रजोनिवृत्ती परीक्षेच्या पेपरात राहू द्यावी, संप्रेरक कोशात राहू द्यावा आणि दवाखान्यात बेधडक ‘पारी गेली, अंगातून वाफा निघतात’ असे म्हणावे. त्यापुढे ‘धोका आहे का?’ असे न विचारता ‘माझी जोखीम किती आणि फायदा किती?’ असे विचारावे. एका शब्दाबाबत मात्र सावध राहावे. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असे वैद्यक धरते. त्यानंतर कधी डाग दिसला, तर घरात ‘पारी परत आली’ म्हणतात. गेलेली पारी परत येत नसते. तो रक्तस्राव असतो, बहुतेक वेळा साध्या कारणाचा, पण कधी कर्करोगाचाही, आणि तो डॉक्टरला लगेच दाखवायचा असतो.